व्हर्च्युअल मशीनला मेमरी किती द्यावी? नव्याने सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी

नवीन व्हर्च्युअल मशीन बनवताना पडद्यावर एक रकाना येतो: मेमरी. बरेच जण तिथे ८ किंवा १६ जीबी असा गोल आकडा टाकतात आणि पुढे जातात. प्रोसेसरचा आकडा चुकला तर काम थोडं रेंगाळतं. डिस्क कमी पडली तर वाढवता येते. मेमरीचा आकडा चुकला की त्याची झळ त्याच मशीनला बसेल असं नाही. ती शेजारच्या मशीनला बसते, आणि तीही पुष्कळदा दोन-तीन महिन्यांनी, तो आकडा कोणी टाकला होता हे कुणाच्या लक्षातही नसतं तेव्हा. म्हणून हा अख्खा लेख त्या एका रकान्यासाठी.

उदाहरणं मी लिनक्समधल्या केव्हीएमची आणि त्यावर चालणाऱ्या प्रॉक्समॉक्सची देतो. व्हीएमवेअर आणि हायपर-व्हीमध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन. शब्द तीनच लक्षात ठेवा: होस्ट म्हणजे प्रत्यक्ष यंत्र, गेस्ट म्हणजे त्याच्या आत चालणारं व्हर्च्युअल मशीन (थोडक्यात व्हीएम), आणि हायपरव्हायजर म्हणजे दोघांमधला कारभारी. केव्हीएम, व्हीएमवेअर आणि हायपर-व्ही हे असेच कारभारी; प्रॉक्समॉक्स ही केव्हीएम चालवायची तयार सिस्टीम.

आधी हे समजून घ्या: प्रोसेसर फिरतो, मेमरी अडकते

आठ कोअरच्या होस्टवर तीस व्हर्च्युअल प्रोसेसर वाटले तरी सहसा निभावतं. कारण प्रोसेसरचा फक्त वेळ वाटला जातो. एका गेस्टची पाळी काही मिलिसेकंदांची, ती संपली की कोअर दुसऱ्याच्या हाती. रिकामा बसलेला गेस्ट आपली पाळी सोडून देतो आणि कुणाचं काही अडत नाही.

मेमरीचं तसं नाही. २००७ च्या फेब्रुवारीत लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) २.६.२० मध्ये केव्हीएम आलं, तेव्हापासून लिनक्सच्या दृष्टीने प्रत्येक व्हीएम म्हणजे एक साधी प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, आहे. तुम्ही ८ जीबी लिहिलेत म्हणून ती प्रोसेस सुरुवातीलाच ८ जीबी ताब्यात घेत नाही. गेस्ट मेमरीच्या एखाद्या पानाला (छोट्या तुकड्याला) पहिल्यांदा हात लावतो, तेव्हा होस्ट त्याला खरं पान काढून देतो. हे पान साधारणपणे ४ केबीचं असतं. इथपर्यंत सगळं छान आहे.

अडचण परतीच्या वाटेवर आहे. गेस्टमधला एखादा प्रोग्रॅम बंद झाला की गेस्ट आपल्या वहीत नोंद करतो: ही पानं आता मोकळी. पण ती वही गेस्टची आहे, होस्टला ती वाचता येत नाही. होस्टच्या हिशेबात ती पानं अजून त्याच गेस्टच्या नावावर असतात. म्हणजे दिलेली मेमरी आपणहून परत येत नाही. त्यात कुठलीही धड ऑपरेटिंग सिस्टीम मेमरी रिकामी ठेवत नाही. डिस्कवरून एकदा वाचलेली फाइल पुन्हा लागेल म्हणून ती कॅशेमध्ये जपून ठेवते. परिणाम असा की, ८ जीबी दिलेला गेस्ट काही आठवडे चालला की त्याने जवळपास सगळ्या ८ जीबीला कधी ना कधी हात लावलेला असतो, भले त्याचं खरं काम २ जीबीत भागत असो.

पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीतून निघते, म्हणून ती नीट पटेपर्यंत पुढे जाऊ नका.

पायरी १: होस्टकडे खरंच वाटायला किती आहे

समजा होस्टवर ६४ जीबी रॅम आहे. ही सगळी गेस्टची नाही. होस्टची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम, देखरेखीची साधनं, बॅकअपची प्रोसेस यांना ४ जीबी बाजूला काढा. प्रत्येक व्हीएमला दिलेल्या मेमरीच्या वर थोडा खर्च होतोच, कारण पडदा, डिस्क, नेटवर्क कार्ड हे सगळं गेस्टसाठी खोटं उभं करणाऱ्या प्रोसेसला स्वतःलाही जागा लागते. सहा व्हीएमसाठी मी २ जीबी धरतो.

मग झेडएफएस, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत. नवीन प्रॉक्समॉक्स उभं करताना अनेक जण डिस्कसाठी झेडएफएस निवडतात आणि त्याचा कॅशे रॅममध्ये बसतो हे विसरतात. हा कॅशे, ज्याला एआरसी म्हणतात, लिनक्सवर बरीच वर्षं मूळ सेटिंगप्रमाणे निम्म्या रॅमपर्यंत वाढत असे. प्रॉक्समॉक्स ८.१ पासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये तो होस्टच्या मेमरीच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त १६ जीबी असा बांधलेला असतो. पण जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड करत आलेल्या सर्व्हरला ही मर्यादा आपोआप लागत नाही. तिथे आधी तेच तपासा. एआरसी गरज पडल्यावर जागा सोडतो हे खरं, पण ऐन घाईत तो पुरेसा झपाट्याने सोडेल यावर मी कधी विसंबत नाही. आपल्या ६४ मधून त्याला ६ जीबी देऊ.

६४ मधून ४, २ आणि ६ गेले की राहतात ५२. हा ५२ चा आकडा कुठेतरी लिहून ठेवा. तुमचं खरं भांडवल तेवढंच.

तुमच्याकडे असे तीन होस्ट असतील आणि एक बंद पडल्यावर त्याच्यावरची मशीन्स इतर दोघांवर उठावीत अशी अपेक्षा असेल, तर हिशेब आणखी कडक होतो. दोन होस्टचे मिळून १०४ जीबी, आणि तेवढ्यात तिघांवरची मशीन्स बसायला हवीत. म्हणजे नेहमीच्या दिवशी एका होस्टवर ३४ जीबीच्या आसपासच वाटप. होस्टच्या पडद्यावर तीस जीबी मोकळी दिसते आणि हात शिवशिवतात, पण ती जागा वाईट दिवसासाठी राखलेली आहे.

पायरी २: गेस्टला किती लागतं ते मोजा

इथे सर्वात जास्त वेळ घालवा. बहुतेक चुका इथेच होतात, आणि त्या आकडे चुकीचे वाचल्यामुळे होतात.

लिनक्स गेस्टमध्ये ‘फ्री’ ही कमांड चालवा. समजा एका वेब सर्व्हरवर असं दिसलं: एकूण ७.८ जीबी, वापरात २.१, मोकळी ०.३, बफर आणि कॅशे ५.४, उपलब्ध ५.४. नवा माणूस ‘मोकळी ०.३’ बघून घाबरतो. तिकडे होस्टचा आलेखही हे मशीन ९५ टक्के भरलंय असं दाखवतो. दोन्हीकडून एकच बातमी आल्यासारखी वाटते आणि मशीनला १६ जीबी दिले जातात. महिनाभराने ते १६ जीबीही भरलेले दिसतात, आणि मग ३२ ची मागणी येते.

बघायचा आकडा शेवटचा, ‘उपलब्ध’. कॅशेमधली किती जागा नव्या प्रोग्रॅमसाठी लगेच सोडता येईल याचा कर्नलने स्वतः केलेला तो अंदाज आहे. २०१४ च्या कर्नल ३.१४ पासून तो थेट मिळतो. आपल्या उदाहरणात ७.८ मधून ५.४ वजा केले की २.४ उरतात. या क्षणी या मशीनची खरी गरज २.४ जीबी आहे.

पण ‘या क्षणी’ पुरेसं नाही. कामाचं पूर्ण चक्र मोजा: दिवसाची गर्दी, रात्रीचा बॅकअप, आठवड्याचे अहवाल, महिनाअखेरचा हिशेब. दर पाच मिनिटांनी ‘एकूण वजा उपलब्ध’ नोंदवणारी छोटी स्क्रिप्ट लावली तरी चालेल. त्यातलं सर्वात उंच शिखर घ्या आणि त्यावर पाव भाग वाढवा. या वेब सर्व्हरचं महिन्याचं शिखर ३.१ जीबी आलं तर ४ जीबी पुरे. आठातले चार जीबी सुटले, आणि सेवेत काही फरक पडला नाही.

दोन प्रकारच्या मशीनना मात्र हा नियम जसाच्या तसा लावू नका.

एक म्हणजे डेटाबेस. तिथे कॅशे हाच कामाचा गाभा असतो. पोस्टग्रेएसक्यूएल स्वतःच्या शेअर्ड बफर्समध्ये काही डेटा ठेवतं, त्यासाठी एकूण मेमरीच्या पाव भागापासून सुरुवात करायचा सल्ला दिला जातो, आणि बाकीच्यासाठी ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या कॅशेवर भिस्त ठेवतं. तो कॅशे ‘उपलब्ध’मध्ये मोजला जात असला तरी तो काढून घेतलात की क्वेरी डिस्ककडे धावू लागतात. डेटाबेसची मेमरी कमी करायची तर डिस्कवरच्या वाचनाचा आलेख समोर ठेवूनच करा.

दुसरं म्हणजे जावावर चालणारे प्रोग्रॅम. हीपचा (जावा आपला डेटा ठेवतं त्या जागेचा) आकडा ४ जीबी असला म्हणून प्रोसेस ४ जीबीत मावत नाही. थ्रेड्सचे स्टॅक, क्लासेसची माहिती, हीपबाहेरचे बफर हे सगळं वर येतं. हीप ४ असेल तर त्या मशीनला निदान ६ धरून चाला आणि मग मोजून आकडा ठरवा.

मशीनला मेमरी कमी पडतेय का, हे ओळखायची खूण टक्क्यांमध्ये शोधू नका. ‘व्हीएमस्टॅट’ कमांडच्या ‘एसआय’ आणि ‘एसओ’ या दोन स्तंभांत सतत आकडे हलत असतील तर गेस्ट स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यावर डिस्कवर वापरल्या जाणाऱ्या जागेत, ये-जा करतोय, म्हणजे खरंच ओढाताण आहे. कर्नल ४.२० पासून याहून चांगली सोय आली आहे, प्रेशर स्टॉल इन्फॉर्मेशन. प्रॉक फाइल सिस्टीममधल्या ‘प्रेशर’ डिरेक्टरीत ‘मेमरी’ नावाची फाइल वाचा. गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांत मेमरीसाठी कामं किती टक्के वेळ खोळंबली हे ती थेट सांगते. तिथे शून्य असेल तर ९५ टक्के भरलेलं मशीनही सुखात आहे.

पायरी ३: रकान्यात काय भरायचं

आकडा खरं तर एक नसून दोन असतात. कमाल, म्हणजे गेस्टला बूट होताना दिसणारी मेमरी, आणि किमान, म्हणजे ओढाताण झाली तरी ज्याच्या खाली त्याला ढकलायचं नाही ती पातळी. प्रॉक्समॉक्समध्ये ‘मेमरी’ आणि ‘मिनिमम मेमरी’ असे दोन रकाने दिसतात. दुसरा ॲडव्हान्स्डची खूण केल्यावर उघडतो. केव्हीएम सांभाळणाऱ्या लिबव्हर्ट या साधनात कमाल मर्यादा आणि सध्याची मेमरी असे दोन आकडे असतात. मर्यादा वाढवायला मशीन बंद करावं लागतं, सध्याची मेमरी चालू मशीनवरही त्या मर्यादेच्या आत बदलता येते.

सर्व मशीनच्या कमाल मेमरीची बेरीज तुमच्या ५२ च्या आत बसली तर उत्तम, झोप चांगली लागेल. ती ५२ च्या वर जाणार असेल, तर किमान आकड्यांची बेरीज तरी ५२ च्या बरीच खाली ठेवा.

व्हीएमवेअरमध्ये यासाठी तीन शब्द आहेत. रिझर्व्हेशन म्हणजे हमखास राखलेली मेमरी, शेअर्स म्हणजे टंचाईत कुणाचा वाटा किती, आणि लिमिट म्हणजे वरची मर्यादा. या लिमिटपासून जपा. मशीनला १६ जीबी दिलेत आणि लिमिट ८ वर राहिलं, तर गेस्टला १६ दिसतात, पण ८ च्या वरचं सगळं हायपरव्हायजर मागून ओढून घेत राहतो. आतल्या माणसाला काहीच कळत नाही, फक्त मशीन विचित्र संथ वाटतं. जुन्या टेम्पलेटमधून बनवलेल्या मशीनमध्ये हे लिमिट गुपचूप सोबत येतं, त्यामुळे कारण सापडत नसेल तेव्हा तिथे एकदा नक्की बघा. मी लिमिट कायम अमर्याद ठेवतो. डेटाबेसला पूर्ण रिझर्व्हेशन देतो. त्याचा आणखी एक फायदा होतो: व्हीएमवेअर प्रत्येक चालू मशीनसाठी एक स्वॅप फाइल बनवतं, तिचा आकार दिलेल्या मेमरीतून रिझर्व्हेशन वजा केल्यावर उरेल तेवढा असतो. पूर्ण रिझर्व्हेशन असेल तर ती जागाही वाचते.

हायपर-व्हीची डायनॅमिक मेमरी स्टार्टअप, किमान, कमाल आणि बफर असे चार आकडे विचारते. बफर मुळात २० टक्के असतो आणि तो बदलायची गरज क्वचितच पडते.

पायरी ४: बलून लावा, आणि तो चालतोय याची खात्री करा

दिलेली मेमरी आपणहून परत येत नाही, मग परत कशी घ्यायची? होस्टने जबरदस्तीने पान ओढलं तर ते कामाचं निघण्याचा धोका, कारण कुठलं पान निरुपयोगी आहे हे फक्त गेस्टला माहीत असतं. यावरचा तोडगा फार देखणा आहे. कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२ मध्ये व्हीएमवेअरच्या ईएसएक्स सर्व्हरवरच्या शोधनिबंधात तो मांडला.

गेस्टच्या आत एक छोटा ड्रायव्हर बसवतात, तो बलून. होस्टला मेमरी हवी झाली की तो बलूनला फुगायला सांगतो. बलून गेस्टच्या कर्नलकडे साध्या प्रोग्रॅमसारखी मेमरी मागतो. कर्नल नेहमीच्या शहाणपणाने आधी बिनकामाचा कॅशे सोडतो आणि ती पानं बलूनला देतो. बलून ती धरून ठेवतो आणि होस्टला कळवतो की ही पानं आता तुझी. निवड गेस्टने केली, फायदा होस्टला झाला. दडपण ओसरलं की बलून आकसतो.

लिनक्स गेस्टमध्ये हा ड्रायव्हर कर्नलसोबतच येतो. विंडोज गेस्टमध्ये केव्हीएमसाठी व्हर्टआयओचे ड्रायव्हर वेगळे बसवावे लागतात, आणि बलूनची सर्व्हिसही चालू असावी लागते, नाहीतर होस्टला आतले आकडे कळत नाहीत. विंडोजकडे जास्त लक्ष द्यायचं आणखी एक कारण आहे. विंडोज मोकळी पानं शून्यांनी पुसून ठेवतं. पुसणं म्हणजे हात लावणंच, त्यामुळे बूट झाल्यावर थोड्याच वेळात ते आपली सगळी मेमरी होस्टकडून उचलून बसतं.

खात्री अशी करा. गर्दी नसताना एका साध्या लिनक्स गेस्टची सध्याची मेमरी लिबव्हर्टच्या ‘विर्श’ कमांडमधल्या ‘सेटमेम’ने ८ वरून ६ जीबी करा आणि गेस्टमध्ये पुन्हा ‘फ्री’ चालवा. ‘एकूण’चा आकडा दोन जीबीने उतरलेला दिसला आणि होस्टवर त्या प्रोसेसची मेमरीही उतरली, तर बलून चालतोय. एकूण जसंच्या तसं राहिलं तर ड्रायव्हर नाही किंवा बलूनचं उपकरण जोडलेलंच नाही. ही पाच मिनिटांची चाचणी प्रत्येक नव्या टेम्पलेटवर करा. टंचाईच्या रात्री बलून नाही हे कळून उपयोग नसतो.

प्रॉक्समॉक्स होस्टची मेमरी ८० टक्क्यांच्या पुढे जाईपर्यंत बलूनला हात लावत नाही, आणि किमान आणि कमाल आकडे सारखेच असतील तर कधीच लावत नाही. ग्राफिक्स कार्ड किंवा दुसरं पीसीआय उपकरण थेट गेस्टला जोडलं असेल, तर त्या गेस्टची सगळी मेमरी पहिल्या क्षणापासून होस्टवर खिळलेली असते. तिथे बलूनचा उपयोग नाही. तिचा पूर्ण आकडा ५२ मधून सरळ वजा करा.

बलूनची मर्यादाही ओळखून असा. गेस्टकडे सोडण्यासारखा कॅशेच उरला नसेल आणि बलून फुगतच राहिला, तर गेस्ट आत स्वॅप करू लागतो किंवा आपला एखादा प्रोग्रॅम मारतो. म्हणून किमान आकडा पायरी २ मध्ये सापडलेल्या शिखराच्या खाली कधीही नेऊ नका.

पायरी ५: सारखी पानं एकत्र करणं

लिनक्स कर्नल २.६.३२ पासून केएसएम नावाची सोय आहे. वेगवेगळ्या गेस्टमधली हुबेहूब सारखी पानं शोधून ती एकच प्रत ठेवते, आणि कुणी त्यात लिहायला गेलं की त्याला वेगळी प्रत काढून देते. एकाच टेम्पलेटची वीस मशीन असतील तर बरीच मेमरी वाचते. बदल्यात प्रोसेसर खर्च होतो, आणि एका गेस्टला शेजाऱ्याच्या मेमरीत काय आहे याचा अंदाज बांधता येण्याचा धोका असतो. याच कारणाने व्हीएमवेअरने २०१४ मध्ये मशीन्समधली अशी वाटणी मूळ सेटिंगमध्ये बंद केली. सगळी मशीन एकाच मालकाची असतील तर वापरा, अनोळखी लोकांची असतील तर बंद ठेवा. दोन्ही परिस्थितींत, यातून वाचलेली मेमरी पुन्हा वाटू नका. ती कधी परत मागितली जाईल याचा नेम नाही.

पायरी ६: होस्टला स्वॅपपर्यंत जाऊ देऊ नका

माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो, कारण ती वाचून कुणाची एक रात्र वाचली तर बरं.

६४ जीबीचा होस्ट, वर सहा लिनक्स मशीन: २४, १६, १२, ८, ८ आणि ४ जीबी. बेरीज ७२. बलून लावलेला नव्हता, होस्टवर स्वॅपही नव्हता. चार महिने होस्टचा आलेख पन्नाशीच्या आसपास शांत होता, त्यामुळे सगळं ठीक आहे असं मी धरून चाललो. मग सर्व गेस्टमध्ये फाइलींचा बॅकअप घेणारा एजंट बसवला आणि सगळ्यांना रात्री दोनची वेळ दिली. पहिल्याच रात्री अडीचच्या सुमारास सर्वात मोठं, डेटाबेसचं मशीन बंद पडलं.

त्या गेस्टच्या लॉगमध्ये काही नव्हतं. २ वाजून ३८ मिनिटांची एक साधी ओळ, आणि तिच्याखाली थेट सकाळच्या बूटच्या ओळी. मध्ये ना तक्रार, ना शटडाउनची नोंद. मी अर्धा दिवस डेटाबेसची सेटिंग तपासत बसलो. उत्तर होस्टच्या कर्नल लॉगमध्ये होतं: मेमरी संपली, अमुक क्रमांकाची प्रोसेस मारली. ती प्रोसेस म्हणजेच ते अख्खं मशीन.

झालं असं की बॅकअप एजंटने प्रत्येक गेस्टमधली प्रत्येक फाइल वाचली. गेस्टनी ती आपापल्या कॅशेमध्ये ठेवली. चार महिन्यांत ज्या पानांना कुणी हात लावला नव्हता, त्या सगळ्यांना एका तासात हात लागला. सहाही मशीन एकाच वेळी आपल्या पूर्ण आकड्याकडे निघाली आणि होस्टची मेमरी संपली. अशा वेळी लिनक्सचा ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर एखादी प्रोसेस मारून जागा करतो, आणि तो मुख्यतः सर्वात जास्त मेमरी धरणारीच निवडतो. व्हर्च्युअलायझेशनच्या होस्टवर ती बहुधा तुमचं सर्वात महत्त्वाचं मशीन असते.

यावर मी पुढे जे बदललं ते असं. वाटपाची बेरीज मोजून पन्नासच्या खाली आणली. बॅकअपच्या वेळा वीस-वीस मिनिटांनी पुढेमागे केल्या. होस्टला ४ जीबी स्वॅप दिला, तो वापरण्यासाठी म्हणून नाही, तर धोक्याची घंटा वाजायला वेळ मिळावा म्हणून. स्वॅपीनेस, म्हणजे कर्नल स्वॅपकडे किती लवकर वळेल याचा आकडा, जो मुळात ६० असतो, तो १० वर आणला. होस्टची मेमरी ८५ टक्क्यांवर गेली की सूचना, आणि होस्टचा स्वॅप वापरला जाऊ लागला की वेगळी, मोठ्या आवाजाची सूचना. डेटाबेस मशीनच्या प्रोसेसचा ओओएम स्कोअर खाली आणून तिला यादीत मागे ढकललं.

मोठा स्वॅप देऊन मोकळं व्हावं असं वाटेल. तसं करू नका. गेस्टचं कुठलं पान कामाचं आहे हे होस्टला माहीत नसतं, त्यामुळे तो नेमकं गरम पान डिस्कवर टाकू शकतो. त्याहून वाईट म्हणजे दुहेरी फेरी: होस्टने डिस्कवर टाकलेलंच पान गेस्ट आपल्या स्वॅपमध्ये लिहायला घेतो. मग होस्टला ते आधी डिस्कवरून आणावं लागतं, केवळ पुन्हा डिस्कवर जाण्यासाठी. अशा वेळी माउस हलतो, पण लॉगिन होत नाही, आणि सगळ्या मशीनची हीच अवस्था असते.

पायरी ७: मोठ्या मशीनसाठी न्यूमा आणि मोठी पानं

दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये रॅम दोन्हींत वाटलेली असते. या रचनेला न्यूमा म्हणतात. २५६ जीबीच्या सर्व्हरवर प्रत्येकाजवळ १२८. प्रोसेसरला आपल्याजवळची रॅम लवकर मिळते, पलीकडची उशिरा. म्हणून एका मशीनला १६० जीबी दिलेत तर ते दोन्हीकडे पसरतं आणि काही काम कायम लांबच्या रॅमवर जातं. शक्यतो एक मशीन एका बाजूत मावेल असं ठेवा. ‘न्यूमासीटीएल’ ही कमांड हार्डवेअरचा पर्याय देऊन चालवली की दोन्ही बाजूंची रॅम दिसते.

गेस्टमधल्या मेमरीच्या पत्त्यावरून खऱ्या रॅमपर्यंत पोचायला दोन तक्ते ओलांडावे लागतात, एक गेस्टचा आणि एक होस्टचा. एएमडीने २००७ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये हे काम प्रोसेसरमध्येच आणलं. तरी साध्या यंत्रावर चार टप्प्यांत होणारा शोध इथे जास्तीत जास्त चोवीस टप्प्यांवर जातो. ४ केबीऐवजी २ एमबीची पानं वापरली की टप्पे आणि शोध दोन्ही घटतात. ३२ जीबीच्या वरच्या डेटाबेस मशीनला याचा उपयोग होतो. लहान मशीनसाठी या फंदात पडू नका. आधीच राखून ठेवलेली मोठी पानं स्वॅप होत नाहीत आणि केएसएममध्येही येत नाहीत.

पायरी ८: आकडा नंतर बदलताना

वाढवणं सोपं. कमी करणं धीराने करावं लागतं, आणि तेच काम जास्त वेळा येतं, कारण सुरुवातीला सगळेच जास्त देतात.

कमी करायचं मशीन ठरलं की आधी त्याचा वापर करणाऱ्यांना सांगा. मग कमाल आकडा तसाच ठेवून, फक्त सध्याची मेमरी बलूनने दहा टक्के खाली आणा. पूर्ण आठवडा जाऊ द्या, त्यात बॅकअपची रात्र आणि गर्दीचा दिवस आला पाहिजे. गेस्टमधली प्रेशरची फाइल आणि ‘एसआय’, ‘एसओ’ बघा. शांत असेल तर आणखी दहा टक्के. कुठे अडलं तर मशीन बंद न करता एका कमांडमध्ये मागे येता येतं, हा या पद्धतीचा मोठा आधार आहे. दोन-तीन फेऱ्यांनंतर आकडा स्थिरावला की पुढच्या ठरलेल्या देखभालीच्या वेळी मशीन बंद करून कमाल मेमरीही त्या आकड्यावर आणा, आणि गेस्टच्या आत डेटाबेसचे बफर किंवा जावाचा हीप जुन्या मेमरीच्या हिशेबाने ठेवलेला असेल तर तो त्याच वेळी बदला. नाहीतर मशीन पुन्हा चालू होताच तो प्रोग्रॅम जुनाच आकडा मागेल आणि अडखळेल किंवा सुरूच होणार नाही.

कमाल आकडा उतरल्यावर ५२ च्या शेजारी लिहिलेली बेरीज सुधारा, आणि आकडा कधी, कशावरून बदलला हे मशीनच्या नोट्सच्या रकान्यात दोन ओळींत टाका: तारीख, महिन्याचं शिखर, आधीचा आकडा, आताचा आकडा.